टेकडीवरचे सत्ताविसावे झाड

बालाघाट, ६ जानेवारी २०२५

रचना,

नावाआधी ‘प्रिय’ लिहिण्याचा अधिकार मला उरला आहे की नाही, याचा निर्णय होईना. म्हणून ती जागा मोकळी सोडली आहे. तुझा पत्ता दीप्तीने दिला. तुम्ही दोघी एकाच वर्षी माझ्या वर्गात होतात. ती अजून दिवाळीला भेटून जाते. तू मलाजखंडच्या शाळेत सामाजिक विज्ञान शिकवतेस, हेही तिच्याकडूनच कळले. फोन तू उचलला नसतास, आणि फोनवर बोललेले वाक्य पुन्हा तपासता येत नाही.

कामाचे लिहिते. आपल्या टेकडी उद्यानाचे नूतनीकरण होत आहे. प्रवेशद्वारापाशी काळ्या ग्रॅनाइटवर उद्यानाचा इतिहास आणि तेथील प्रेक्षणीय स्थळे कोरायची आहेत, आणि तो मजकूर उद्यान समितीने माझ्याकडे सोपवला आहे. निवृत्तीला सात वर्षे झाली तरी या गावाला स्वतःविषयी चार वाक्ये लिहायची असली की ते माझ्याच दाराशी येते.

मजकुरासाठी डिसेंबरात टेकडीवर जाऊन आले. तू पाहिलेस त्याहून ती बरीच वेगळी, आणि माझ्या मते बरीच वाईट झाली आहे. दोनशे चौदा पायऱ्या आहेत. कठड्याच्या फलकावर दोनशे दहा लिहिल्या आहेत. मी दोनदा मोजल्या. मधल्या टप्प्यावर मुलांची छोटी आगगाडी, जिचे इंजिन उभे असते आणि डबेही. सिमेंटचे हरीण, ज्याच्या शिंगांची संख्या दोन्ही बाजूंना सारखी नाही. संगीतावर नाचणारे कारंजे कोणी मोठा पाहुणा आला तरच नाचते. सर्वांत वर सर्वेक्षणाचा जुना दगडी खांब आहे, त्याला आता गुलाबी रंग दिला आहे. तरीही खांबापाशी उभे राहिले की वैनगंगेचे वळण, रेल्वेचे रूळ आणि पलीकडे जंगलाची काळी रेघ अजून तशीच दिसते. ते मात्र कोणाला रंगवता आलेले नाही.

तुझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाची प्रत तुझ्याकडे असेल, तर संदर्भासाठी पाठवावी. टपालखर्च मी देईन.

अनुसया गायधने


बालाघाट, १८ जानेवारी २०२५

रचना,

तुझे उत्तर नाही. ते येईल अशी अपेक्षा करण्याचे कारणही मागच्या पत्रात नव्हते. ‘संदर्भासाठी’ हा शब्द मी विद्यार्थ्यांच्या टिपणांत नेहमी अधोरेखित करीत असे आणि समासात लिहीत असे: ‘कोणत्या?’ आता मीच त्याचे उत्तर देते.

टेकडीच्या पूर्वेच्या कडेला काचेच्या तळाचा सज्जा बांधायचा ठरला आहे. त्यावर उभे राहून लोकांनी खाली पाहावे आणि छायाचित्रे काढावीत, एवढाच त्याचा हेतू. त्यासाठी त्या कडेची झाडे तोडायची आहेत. प्रत्येक खोडावर पिवळ्या रंगात क्रमांक घातले आहेत, एक ते सत्तावीस. तू ती झाडे क्रमांकांनी ओळखत नव्हतीस.

मी समितीच्या कार्यालयात गेले. तेथे मोहित नावाचा तरुण अभियंता आहे. नम्र आहे, नीटनेटका आहे, मराठी त्याला समजते पण बोलवत नाही. मी म्हटले, ही झाडे लावलेली आहेत, ती अशी काढता येणार नाहीत. त्याने कपाटातून एक पातळ पुस्तिका काढली आणि माझ्यासमोर उघडून ठेवली.

“मैडम, आपकी ही किताब है। पेज चौदह।”

पान चौदा मला वाचण्याची गरज नव्हती. ‘टेकडीवरील वृक्षराजी स्वयंभू आहे, लागवडीची कोणतीही नोंद आढळत नाही, सबब तिला ऐतिहासिक महत्त्व नाही.’ वाक्य माझे आहे. ‘सबब’ हा शब्द तर इतका माझा आहे की गावात दुसऱ्या कोणी तो वापरला असता तर मला ओळखू आले असते.

मोहितने समजावले की नियम असा आहे: लावलेल्या, म्हणजे सार्वजनिक इतिहास असलेल्या झाडांसाठी वेगळी परवानगी लागते. स्वयंभू झाडांसाठी लागत नाही. माझे वाक्य फाइलला जोडले आहे. हरकती नोंदवण्याची मुदत २८ फेब्रुवारी, त्याच दिवशी सुनावणी.

तुझ्या तिसऱ्या प्रकरणात त्या सत्तावीस झाडांची नावे होती. ज्यांनी सांगितली त्या बायकांपैकी आज खालच्या वस्तीत एकही हयात नाही. मी चौकशी केली. म्हणजे ते प्रकरण, जे मी वगळायला लावले, तेवढाच पुरावा जगात उरला आहे.

एवढे स्पष्ट लिहिल्यावर तरी उत्तर द्यावे.

अ. गा.


बालाघाट, २ फेब्रुवारी २०२५

रचना,

तुझे पत्र काल मिळाले. पत्र कसले, दोन ओळी. ‘प्रकरण माझ्याकडे आहे. आजी तुमच्या घरी आली होती, त्या दिवशी काय झालं ते आधी लिहून पाठवा, मग बघू.’

मला राग आला, हे लपवत नाही. आजवर मला कोणी परीक्षेचा प्रश्न घातला नव्हता. रात्रीचे जेवण तसेच राहिले. सकाळी मात्र वाटले, प्रश्न नेमका आहे. आणि नेमका प्रश्न विचारायला मीच तुला शिकवले होते.

एप्रिल २००२. तुझ्या प्रकरणावर मी पेन्सिलीने आडवी रेघ मारून ‘साधार नाही, वगळा’ असे लिहिले, त्याला आठवडा झाला असेल. दुपारी तीनच्या सुमारास गोदाबाई माझ्या फाटकाशी आल्या. त्यांना मी त्याआधी पाहिले नव्हते, पण पाहताच कळले. तुझी हनुवटी त्यांचीच आहे. पांढरे लुगडे, पायात प्लास्टिकच्या चपला. मी ओसरीवर खुर्ची दिली. त्या खाली बसल्या. खुर्चीवर बसा असे मी दुसऱ्यांदा म्हटले नाही.

त्या म्हणाल्या, “म्याडम, पोरीनं लिवलं ते तुमी खोडलं म्हंते. म्हून मीच सांगाले आली.”

आणि त्यांनी सांगितले. तुझ्या प्रकरणात होते तेच, पण कागदावर ते मला जितके अविश्वसनीय वाटले होते तितके तोंडून वाटले नाही. नागपूरला दीक्षा घेऊन वस्तीतली माणसे परतली आणि त्यांनी जुने सगळे सोडले: पिंड, तेरावे, कावळ्याची वाट पाहणे. सोडले खरे, पण पुढच्याच वर्षी वस्तीत मरण झाले आणि मेलेल्यासाठी आता करायचे काय, हे कोणालाच ठाऊक नव्हते. वंदना झाली, पुण्यानुमोदन झाले, लोक उठून घरी जायला निघाले आणि त्या घरातली विधवा उठेचना. तिला हाताला काहीतरी हवे होते. तेव्हा कोणा जाणत्याने तिला टेकडीवर नेले. टेकडी तेव्हा बोडकी, मुरमाड, कोणाच्याही उपयोगाची नव्हती. म्हणून तेथे जायला वस्तीला कोणी अडवले नाही. तिने तेथे कडुनिंब लावला. त्यानंतर वस्तीत माणूस गेले की एक झाड, आणि त्या घरच्या बायकांनी तीन उन्हाळे खालच्या विहिरीचे पाणी गुंडाने, म्हणजे पितळी घागरीने, वर न्यायचे. झाड जगले की दुःख उतरले, असे मानायचे. पायऱ्या नव्हत्या तेव्हा.

रचना, हे सर्व ऐकत असताना मला कळत होते की मी काय ऐकते आहे. एका समाजाने नवा संस्कार कसा घडवला, त्याची ही हकीगत होती, सांगणारी स्वतः त्यात असलेली. असे साधन माझ्या हाती पुन्हा आले नाही.

मी विचारले, कोणते झाड कोणत्या साली लावले?

“साल काय सांगू बाई? माणूस मेलं, तेच साल.”

मी म्हटले, याला तारीख म्हणत नाहीत. हे कागदावर कुठे आहे?

“कागदावर काहून राहीन? टेकडीवर हाये ना. चला, दाखवतो एकेक.”

मी म्हटले, आता पेपर तपासायचे आहेत. त्या म्हणाल्या, उद्या? मी म्हटले, बरे, उद्या सकाळी आठला, पायऱ्यांपाशी.

मी गेले नाही.

साडेनऊला महाविद्यालयात जाताना रिक्षा टेकडीखालून गेली. त्या पहिल्या पायरीवर बसल्या होत्या. दुपारी एकला परतताना अजून तेथेच होत्या, फक्त सावलीत सरकल्या होत्या. मी रिक्षावाल्याला थांब म्हटले नाही.

त्यांनी तुला हे सांगितले नाही, हे तुझ्या प्रश्नावरून आज कळले.

अ. गा.


बालाघाट, ५ फेब्रुवारी २०२५

रचना,

मागच्या पत्रात एक गोष्ट राहिली. राहिली नाही, ठेवली.

मी पद्धतीसाठी तुझे प्रकरण खोडले असे तू आजवर समजत असशील. मीही तसेच सांगत आले, विद्यापीठाला आणि स्वतःलाही. पण तुझे प्रकरण माझ्या हाती आले त्या आठवड्यात माझ्या टेबलावर त्या पुस्तिकेची मुद्रिते पडली होती. पान चौदा त्यात होते. तुझी आजी येऊन गेली तेव्हाही मुद्रिते छापखान्यात परत जायला चार दिवस होते. एक वाक्य काढता आले असते. पण ते काढले असते तर शहराच्या इतिहासावरचे माझे पहिले पुस्तक माझ्याच विद्यार्थिनीने, तेही वस्तीतल्या बायकांच्या सांगण्यावरून, दुरुस्त केले असे झाले असते. वाक्य वाचवायचे तर प्रकरण खोडणे भाग होते.

तू प्रबंध सोडून गेलीस तेव्हा मी विभागात म्हणाले की मुलीत चिकाटी नाही.

आता प्रकरण पाठवायचे की नाही, ते तू ठरव.

अ. गा.


बालाघाट, २० फेब्रुवारी २०२५

रचना,

प्रकरण पोचले. सोबत एकही ओळ नव्हती. मला ते योग्य वाटले.

बावन्न पाने पुन्हा वाचली. दोन ठिकाणी अवतरणचिन्हे बंद केलेली नाहीत. बाकी ते उत्तम आहे, आणि तेव्हाही होते.

वाचताना एकोणिसाव्या पानावर थांबले. तेथे तू तुझ्या आजीचे तेच वाक्य दिले आहेस: माणूस मेलं, तेच साल. मी चाळीस वर्षे इतिहास शिकवला आणि या वाक्यात काय आहे, हे मला एकोणसत्तराव्या वर्षी दिसले. मी झाडांची नोंद मागत होते. झाडांची नोंद कोणी ठेवत नाही. माणसे मेल्याची ठेवतात. गोदाबाईंनी मला तारीखच दिली होती आणि ती कुठे शोधायची तेही सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी जन्म-मृत्यू नोंदणीच्या कार्यालयात गेले. आपल्या महाविद्यालयापासून ते पाच मिनिटांवर आहे. हे वाक्य मी मुद्दाम लिहिते आहे. टिकाराम नावाचे लिपिक तेथे बसतात, निवृत्तीला आलेले. चष्म्यावरून पाहत त्यांनी विचारले,

“कोन मेलं, म्याडम?”

मी म्हटले, सत्तावीस जण.

“बाप रे. एकाच दिवशी?”

मग त्यांना सगळे सांगावे लागले. त्यांनी चहा मागवला, जुन्या वह्या उतरवल्या आणि चार दिवस माझ्यासोबत बसून एकेक नाव बोटाने शोधले. नाव सापडले की ते ‘हौ, हे घ्या’ म्हणत आणि आम्हा दोघांनाही, का कोण जाणे, बरे वाटे. मेलेले माणूस सापडल्याचे बरे वाटणे विचित्रच आहे.

सव्वीस सापडली. तुझ्या यादीतील नाव, बापाचे नाव, वस्ती, सर्व जुळते. चैतराम यांचे साल तू १९६३ दिले आहेस. नोंद १९६४च्या जानेवारीतली आहे. तेवढी दुरुस्ती करून घे.

सत्ताविसावे सापडत नाही. फकिरा नागदेवे, तुझे आजोबा. तुझ्या टिपेप्रमाणे ते उकव्याला खाणीवर कामाला असताना तापाने गेले, म्हणून येथे नोंद नाही. मी बसने उकव्याला जाऊन आले. बस अडीच तास घेते आणि गुडघे त्याहून जास्त. त्या वर्षीची वही तेथे मिळाली नाही. बैहरच्या तहसील कार्यालयातही विचारले. नाही.

त्यांच्या नावाचा करंज कडेच्या अगदी टोकाला आहे, सज्ज्याच्या बरोबर मधोमध. मी काल त्याच्यापाशी उभी राहिले. रचना, तुझ्या आजीने बोलावल्यानंतर तेवीस वर्षांनी.

अ. गा.


बालाघाट, १ मार्च २०२५

रचना,

काल सुनावणी झाली. थकले आहे, तरी क्रमाने लिहिते.

समितीचे पाच सदस्य, मोहित, आणि मागच्या बाकावर खालच्या वस्तीतून आलेल्या चार बायका. त्यांत तुझी मंजूकाकू होती. मला ती ओळखते हे मला माहीत नव्हते.

मी तुझे प्रकरण आणि नोंदींच्या प्रमाणित प्रती ठेवल्या. मोहितने सव्वीसही प्रती स्वतः पडताळल्या. त्याचे काम मला आवडले. अर्ध्या तासात सव्वीस झाडे मान्य झाली. मग अध्यक्ष म्हणाले की सज्जा अरुंद करू, एवढ्या एकाच झाडाच्या जागेत बसवू. एका झाडाने काय होते, आणि त्याला तर मॅडमच्याच कसोटीने आधार नाही. ते चेष्टेने बोलले नव्हते. कसोटी खरोखर माझीच होती.

मी म्हटले, आधार आहे. त्यांनी हरकतीचा छापील अर्ज पुढे केला. त्यात एक रकाना असतो, ‘आपत्ति का आधार’, म्हणजे हरकतीचा आधार. मी उभ्यानेच लिहिले आणि त्यांनी सांगितले म्हणून मोठ्याने वाचले. हिंदीत लिहिले होते. तुला मराठीत देते.

‘हे झाड फकिरा नागदेवे यांच्या मरणानंतर त्यांच्या पत्नी गोदाबाई यांनी लावले व तीन उन्हाळे पाणी घालून जगवले, असे गोदाबाईंनी एप्रिल २००२ मध्ये माझ्या घरी मला स्वतः सांगितले. मला ते खरे वाटले. खरे वाटत असतानाही मी माझ्या पुस्तिकेत त्याच्या उलट छापले आणि त्यांची साक्ष नोंदवणारे संशोधन नाकारले. पान चौदावरील विधान खोटे आहे आणि ते मला ठाऊक होते.’

खाली सही केली. पदव्या लिहिल्या नाहीत.

मोहित पायांकडे पाहत होता. मग मागून मंजूबाई बोलली, आवाज न चढवता:

“तेवीस वर्सं लागले तुमाले टेकडी चढाले, म्याडम. आमची बुढी तीन उन्हाळे रोज चढे, डोक्यावर गुंड घेऊन.”

मी म्हटले, हो.

तिने आणखी काही बोलावे असे वाटत होते. ती पदर सावरून खाली बसली.

निर्णय राखून ठेवला आहे.

अ. गा.


बालाघाट, २२ मार्च २०२५

रचना,

निर्णय आला. सत्तावीसही झाडे राहतील. सज्जा पश्चिमेला, आगगाडीच्या मागे होईल; तेथून नदी दिसत नाही, गोदामांची छपरे दिसतात, आणि लोक त्यांचीही छायाचित्रे काढतील.

त्याच लिफाफ्यात दुसरे पत्र होते. ज्या लेखिकेने जाणूनबुजून असत्य छापल्याचे लेखी कबूल केले आहे, तिचा मजकूर सार्वजनिक दगडावर कोरणे समितीला उचित वाटत नाही, म्हणून काम परत घेण्यात येत आहे. मी ते तीनदा वाचले. भाषेत दोष काढता आला नाही, तर्कातही नाही. मी समितीवर असते तर हेच लिहिले असते, कदाचित अधिक कठोर. पुस्तिकाही वाचनालयातून काढून घेतली आहे. दीप्ती रडली; मी तिला चहा करून दिला. मला रडू आले नाही, झोप आली. बरेच दिवस अशी आली नव्हती.

त्यांनी विचारले, मग मजकूर कोणाकडून घ्यावा. मी तुझे नाव दिले आहे. तुला न विचारता दिले. ही खोड जात नाही. त्यांचे पत्र आठवड्याभरात येईल. नकार द्यायचा असेल तर दे, कारण देण्याची गरज नाही. स्वीकारलेस, तर पायऱ्या दोनशे चौदा आहेत.

आणि एक. तू भिडेने माझा उल्लेख टाळशील, अशी मला भीती आहे. तसे करू नकोस. झाडे कोणी लावली हे लिहिताना ती इतकी वर्षे कोणाचीच नाहीत असे का ठरले, हेही लिहावे लागेल. एरवी इतिहास अर्धा राहतो. ग्रॅनाइटवर जागा थोडी असते. एक वाक्य पुरे होईल. नाव पूर्ण दे, साल दे, आणि ‘नजरचुकीने’ असे लिहू नकोस.

अनुसया गायधने